दारावरचं कमळ, गौरीचे हात

आज बचतीच्या हिशोबाला आणि कर्जाच्या हप्त्याला सुट्टी. आज फुलांवर बोलू. फुलांच्या वासावर किंवा भावावर नाही, फुलांच्या चित्रांवर.

आपल्यापैकी बऱ्याच जणी रायगडावर जाऊन आल्या आहेत. पण रोपवेने गेलात तर एक गोष्ट हुकते. पाळणा थेट वर नेऊन सोडतो, महादरवाजा लागतच नाही. पायऱ्यांनी गेलेल्या बायांनी, दम खात उभं असताना, त्या दरवाजाकडे नीट बघितलं असेल तर कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेली दोन कमळं दिसली असतील. त्यांचा अर्थ असा सांगतात की एक कमळ लक्ष्मीचं, एक सरस्वतीचं. आत आलेल्याला कळावं की इथे धन आणि विद्या दोन्ही नांदतात. दारावर पाटी नाही, अक्षर नाही. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही दोन फुलांवरून निरोप कळत होता. (कमळ म्हटलं की हल्ली कुणाला मतदानाचं यंत्र आठवतं. तो विषय आजचा नाही.)

आता त्या कमळाला पाकळ्या किती, देठ कसा, पान कसं, हे पाथरवटाने बघितलं नाही. त्याला खरं कमळ काढायचंच नव्हतं. आपणही रांगोळीत अष्टदल कमळ काढतो तेव्हा तळ्यावर जाऊन पाकळ्या मोजत नाही. खऱ्या कमळाला आठच पाकळ्या कधी नसतात, चांगल्या वीसेक तरी असतात. आठ पाकळ्या आठ दिशांच्या. मधल्या ठिपक्याभोवती सगळीकडून सारखं उमलणारं फूल हवं, कारण ते मांडायला सोपं आणि डोळ्याला शांत. म्हणून उंबऱ्यावर, पैठणीच्या पदरावर, देवळाच्या छतावर तेच तेच दिसतं.

आपल्या महाडजवळच्या गांधारपाल्याची लेणी ज्या बौद्ध धर्माची, त्यातही कमळाला मोठा मान आहे. चिखलात उगवून पाण्याच्या वर स्वच्छ राहणारं फूल म्हणून. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात निळं कमळ घेतलेला पद्मपाणी आहे, आणि तिथली छतं तर फुलाफळांनी भरलेली आहेत. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी ग्रिफिथ्स नावाच्या शिक्षकांबरोबर तिथे जाऊन ती चित्रं उतरवत होते. त्यातल्या बऱ्याच प्रती लंडनला नेल्या आणि तिथे आगीत जळल्या. तरी छतावरच्या वेलबुट्ट्या पुढे छापील पुस्तकात आल्या.

दागिन्यांचंही तसंच. आजीच्या डब्यात बघा. बकुळीहार, चंपाकळी, अंबाड्यात खोवायचा सोन्याचा केवडा, चांदीचं शेवंतीचं फूल. केवड्याची तर गंमत आहे. केतकीने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने तिला शाप दिला, असं कथेत सांगतात, म्हणून शंकराला केवडा वाहत नाहीत. देवाने नाकारलेलं फूल बायकांनी मात्र सोन्यात घडवून डोक्यावर घेतलं. मला हे फार आवडतं.

पण जी फुलं आपल्याकडे सणाला खरी पूज्य, ती नक्षीत सहसा नसतात. आपल्याकडे गौर येते ती तेरड्याची. उपटून आणलेला तेरडा, त्यालाच साडी-दागिने. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि माहेरवाशीणही तीनच दिवसांची. एवढं मोठं फूल, तरी साडीच्या काठावर तेरडा कुणी पाहिलाय? मी विचार केला तेव्हा कारण सापडलं. तेरड्याचं फूल वाकडं असतं. पाकळ्या सारख्या नाहीत, मागे शेपटीसारखी नळी. गोल मांडणीत ते बसत नाही.

तेरड्यासोबत कोकणात बऱ्याच ठिकाणी आणखी एक फूल आणतात, त्याला नावच गौरीचे हात. वर वळलेल्या सहा पाकळ्या, काठाला चुण्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल. बोटं वर करून नाचवलेला हातच. याच वेलीचं दुसरं नाव कळलावी. का ते जुन्या सुइणींना माहीत होतं. तिच्या कंदाने बाळंतपणाच्या कळा आणतात अशी समजूत होती. एकाच फुलाला एक नाव देव्हाऱ्यातलं, एक बाळंतिणीच्या खोलीतलं. आणि हे मी मुद्दाम सांगते : ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, कंद सगळ्यात जास्त. त्यातून निघणारं द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून वापरतात, पण ते कारखान्यात मोजून मापून. घरी उगाळून नाही.

इथे दुसऱ्या प्रकारच्या चित्राची गरज लागते. फूल कशाचं प्रतीक आहे हे न सांगता ते कोणतं आहे हे सांगणारं चित्र. त्यात देखणेपणापेक्षा खरेपणा बघतात. कळी, उमललेलं फूल, फळ, पान, जमलं तर मूळ, आणि फूल मधून कापून आतले केसर. वाळवलेल्या फांदीचा रंग जातो, चित्राचा राहतो.

राज्याभिषेक झाला १६७४ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, खाली कोचीनला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य एका कागदावर सही करत होते. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड मलबारातल्या झाडांचा मोठा ग्रंथ करत होता, 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले, सातशेच्या वर झाडं. या तिघांनी झाडांची नावं आणि गुण सांगितले. त्यांच्यासारखाच इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्यही होता. तिघांची ग्वाही पहिल्या खंडात त्यांच्याच भाषेत, देवनागरी अक्षरात छापली आहे. छापील देवनागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी ती एक. आपलं राज्यफूल ताम्हण, सावित्रीच्या काठी उन्हाळ्यात जांभळं होतं ते, त्याचंही चित्र त्या ग्रंथात आहे.

नंतरची गोष्ट पुण्याजवळच्या दापोडीची. तिथे सरकारी बाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर तिचा प्रमुख होता. सैन्याच्या दवाखान्यांना लागणारी औषधं तो तिथे पिकवायचा. १८४७ ते १८५० या काळात त्याने बागेतल्या आणि रानातल्या झाडांची दीडशेहून जास्त रंगीत चित्रं करून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, त्याचं नाव दिलेली झाडंही आहेत. चित्रं काढणाऱ्याबद्दल एवढीच नोंद आहे की तो पोर्तुगीज-हिंदी होता. बाकी नाव, गाव काही नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते आपण अभिमानाने दाखवतो. महादरवाजाचं कमळ ज्याने छिन्नीने काढलं त्याचं नाव कुठेच नाही. आणि रांगोळीचं तर विचारूच नका, ती संध्याकाळपर्यंत पुसली जाते.

हे सगळं मी का शोधत बसले ते सांगते. मृगाच्या सुमारास आमच्या गटांनी रानभाज्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. तक्ता मी केला. मोबाईलवर फोटो शोधले, नावं टाकली, शहरातल्या दुकानातून रंगीत छापून आणला. छान दिसत होता. बैठकीत पोलादपूरकडच्या एक आजी काठी टेकत तक्त्याजवळ आल्या, शेवळाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाय, ही शेवळा नव्हं. हा सापकांदा."

माझ्या पोटात गोळा आला. शेवळं म्हणजे फुलाचीच भाजी. पाऊस पडायच्या आसपास जमिनीतून वर येणारं ते फूल. तेही काकडाच्या फळांशिवाय शिजवलं तर घसा खवखवतो. सापकांदा त्याच कुळातला, नागाच्या फण्यासारखा. त्याची कुणी भाजी केली असती तर घसा सुजला असता. आणि शहरातून भाजी घ्यायला येणारी बाई तक्ता बघूनच ओळखणार होती, आजीला विचारून नाही.

मग आम्ही तक्ता काढून टाकला. गटातल्या एकीची मुलगी बारावीत आहे, चित्र बरं काढते. आजीने शेवळं उपटून आणलं, सापकांदाही आणला, दोन्ही शेजारी ठेवले. मुलीने आधी नेहमीच्या सवयीने फूल सरळ, देखणं काढलं. आजी म्हणाल्या, वाकडं आहे ते वाकडंच काढ. रंगाचा अंदाज घ्यायला तिने तीन कागद वाया घालवले. चौथ्यावर जमलं. खाली आम्ही तिचं नाव लिहिलं आणि आजींचंही, ओळख पटवणारी म्हणून. आजींना लाज वाटली, पण पुसू दिलं नाही आम्ही.

आतापर्यंत अकरा चित्रं झाली आहेत. काकडाचं राहिलंय. तुमच्या रानात झाड असेल तर फळासकट फांदी बैठकीला घेऊन या, पानं गळायच्या आत.