गोलरक्षकाचे उत्तरदायित्व आणि क्रीडा-इतिहास : मीर रंजन नेगी यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

प्रस्तावना

सांघिक खेळाच्या इतिहासात गोल करणाऱ्याचे नाव नोंदले जाते. गोलरक्षकाने अडविलेल्या चेंडूंची नोंद मात्र क्वचितच राहते. त्याचे स्मरण बहुधा त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूंवरून होते. मुंबईत कस्टम्सच्या सेवेत राहिलेले भारताचे हॉकी गोलरक्षक मीर रंजन नेगी यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासनीय आहे. संघाच्या पराभवाचे उत्तरदायित्व एकाच खेळाडूवर टाकणे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न होय.

जडणघडण

नेगी यांचा जन्म १९५८ साली अल्मोडा येथे झाला; त्यांच्या हॉकीची जडणघडण मात्र इंदूरमध्ये झाली. होळकरांच्या राजवटीमुळे मराठी समाजाशी जवळचे नाते असलेल्या या परिसराला गोलरक्षणाची मोठी परंपरा आहे. इंदूरजवळील महू हे शंकर लक्ष्मण यांचे गाव. १९५६ व १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, १९६० मध्ये रौप्यपदक आणि १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार या नात्याने सुवर्णपदक, अशी त्यांची कामगिरी आहे. याच परिसरातून पुढे आलेल्या नेगींना मुंबईत कस्टम्सची नोकरी लाभली. व्यावसायिक हॉकी अस्तित्वात नसलेल्या त्या काळात कस्टम्स, रेल्वे, टाटा यांसारख्या संस्थांचे संघ हाच खेळाडूचा आधार होता. खेळामुळे नोकरी आणि नोकरीमुळे खेळ, असे हे परस्परावलंबन होते.

१९८२ चा अंतिम सामना

दि. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्ली येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला. आघाडी प्रथम भारताने घेतली होती. त्यानंतर मात्र संघ कोसळला. यजमान देशाचा हा पराभव लोकांच्या जिव्हारी लागला आणि रोष गोलरक्षकावर केंद्रित झाला. पैसे घेऊन सामना हरल्याचा आरोपही नेगींवर झाला. तो कधीही सिद्ध झाला नाही. परंतु राष्ट्रीय संघातील खेळाडू म्हणून त्यांची वाटचाल जवळपास तेथेच संपली.

या घटनेकडे पाहताना दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. पहिली, पाकिस्तानचा संघ त्या वेळी विश्वविजेता होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत, मुंबईतच झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्याने पश्चिम जर्मनीला ३-१ असे नमविले होते. हसन सरदार, कलीमुल्ला, हनीफ खान यांच्यासारखी आघाडीची फळी तेव्हा अन्य कोणत्याही संघाजवळ क्वचितच असेल. त्या स्पर्धेत भारत पाचव्या स्थानी राहिला होता. दुसरी गोष्ट, कृत्रिम हिरवळीवर खेळाचा वेग वाढला होता आणि भारतात अशी मैदाने मोजकीच होती. वेगवान खेळात बचावफळी भेदली गेली की गोलरक्षकाला एकट्याने पुढे धावून यावे लागते. मागे गोल मोकळा पडतो. म्हणजेच गोलांची संख्या गोलरक्षकाच्या नावे लागली, तरी तिची कारणे संपूर्ण मैदानभर शोधावी लागतात.

पुनरागमन

सोळा वर्षांनी, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेसाठी, नेगी भारतीय संघाचे गोलरक्षण प्रशिक्षक झाले. कर्णधार होते खडकीचे धनराज पिल्ले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटून निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी मोक्याच्या क्षणी फटके अडविले आणि भारताला ३२ वर्षांनी हे सुवर्णपदक मिळाले. यापूर्वीचे सुवर्ण शंकर लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली याच शहरात मिळाले होते. विजयानंतरही काही प्रमुख खेळाडूंना व प्रशिक्षकवर्गाला दूर सारण्यात आले. दोषारोप पराभवानंतर झाला, तशी उपेक्षा विजयानंतरही झाली, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

पुढे २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडला ३-२ असे हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गात नेगी होते. अंधेरीत स्टुडिओ असलेल्या यशराज फिल्म्सच्या ‘चक दे! इंडिया’ (२००७) या चित्रपटासाठी अभिनेत्रींना हॉकीचे शिक्षण त्यांनीच दिले. चित्रपटातील कलंकित प्रशिक्षकाची कथा नेगींचीच, असा समज रूढ झाला. वस्तुतः पटकथालेखक जयदीप साहनी यांनी महिला संघाच्या विजयाला आपली प्रेरणा मानले आहे. तेव्हा चित्रपटाला चरित्राचे साधन मानणे योग्य नव्हे.

निष्कर्ष

नेगींची कथा सामान्यतः ‘कलंक आणि त्याचे क्षालन’ या चौकटीत सांगितली जाते. ही चौकटच तपासून पाहणे आवश्यक आहे. क्षालन झाले असे म्हणताना कलंक होता, हे आपण नकळत मान्य करतो. उपलब्ध तथ्ये मात्र एका बलाढ्य संघाकडून झालेला सांघिक पराभव दर्शवितात. बँकॉकचे सुवर्णपदक हा नेगींच्या निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. तशा पुराव्याची गरज १९८२ मध्येही नव्हती. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा, हा न्यायाचा साधा नियम क्रीडा-इतिहासालाही लागू व्हावयास हवा.