एका दिवसाचा सौदा : नवख्यांसाठी डे ट्रेडिंगची सोपी तंत्रे

सकाळी समभाग विकत घ्यायचा आणि त्याच दिवशी बाजार बंद होण्यापूर्वी तो विकून मोकळे व्हायचे, किंवा आधी विकून नंतर खरेदी करायची, या व्यवहारास डे ट्रेडिंग अथवा इंट्राडे व्यवहार म्हणतात. यात समभाग डिमॅट खात्यात जमा होत नाही. खरेदी आणि विक्रीच्या भावांतील फरक तेवढा नफा वा तोटा म्हणून खात्यावर येतो. दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार कंपनीचा व्यवसाय पाहतो, तर डे ट्रेडर केवळ त्या दिवसाच्या भावाची हालचाल पाहतो. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत करणे हेच नवख्यांच्या बऱ्याच नुकसानीचे मूळ असते.

व्यवहाराची पार्श्वभूमी

मुंबईच्या दलाल स्ट्रीटला सट्टा नवा नाही. पूर्वी आठवडाभराचे सौदे एकत्र मिटवले जात. त्यामुळे सोमवारी घेतलेला समभाग शुक्रवारी विकला तरी प्रत्यक्ष ताबा घ्यावा लागत नसे. बदला पद्धतीने सौदा पुढच्या आठवड्यातही नेता येई. २००१ मध्ये बदला बंद झाला आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब स्वतंत्र करणारी रोलिंग सेटलमेंट पद्धत आली. तेव्हापासून ताबा न घेता रोख बाजारात सौदा करायचा, तर तो त्याच दिवशी मिटवणे भाग पडले.

संगणक आणि मोबाइलमुळे हा व्यवहार घराघरांत पोहोचला. त्याचा परिणाम 'सेबी'ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतो. २०२२-२३ या आर्थिक वर्षात रोख बाजारात इंट्राडे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. तिशीच्या आतील तरुणांत हे प्रमाण ७६ टक्के होते, तर वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. अधिक सौदे म्हणजे अधिक नफा, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. पुढील तंत्रांकडे वळण्यापूर्वी ही वस्तुस्थिती लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

समभागाची निवड

नवख्याने निफ्टी ५० सारख्या निर्देशांकातील, भरपूर उलाढाल असलेल्या चार-पाच समभागांपुरतेच लक्ष मर्यादित ठेवावे. अशा समभागांत खरेदीदार व विक्रेते कायम हजर असतात आणि त्यांनी सांगितलेल्या भावांतील अंतर अल्प असते. कमी उलाढालीच्या समभागात घुसणे सोपे, पण बाहेर पडणे अवघड. भाव खालच्या सर्किटला लागला, तर विक्रीची ऑर्डर टाकूनही घेणारा मिळत नाही. 'ट्रेड टू ट्रेड' गटातील समभागांत ताबा घेणे सक्तीचे असल्याने तेथे इंट्राडे व्यवहार करता येत नाही. कंपनीचा तिमाही निकाल जाहीर होण्याच्या दिवशी भाव क्षणात झेप घेतो वा कोसळतो. त्या दिवशी नवख्याने त्या समभागापासून दूर राहावे.

तंत्र पहिले : सुरुवातीचा पट्टा

नियमित व्यवहार सकाळी सव्वानऊला सुरू होतात. रात्रभरात साठलेल्या बातम्या आणि ऑर्डरी पहिल्या काही मिनिटांत बाजारात उतरतात, त्यामुळे भाव सैरभैर असतो. या तंत्रात पहिली तीस मिनिटे काहीही न करता फक्त त्या काळातील उच्चांक व नीचांक लिहून ठेवायचा. समजा, हा पट्टा ४९५ ते ५०० रुपये असा आहे. पावणेदहानंतर भाव वाढत्या उलाढालीसह ५०० च्या वर गेला, तर खरेदी करायची आणि स्टॉप लॉस ४९५ ला लावायचा. भाव ४९५ च्या खाली घसरला, तर उलट दिशेचा विचार करायचा. पट्टाच फार रुंद असेल, तर स्टॉप लॉसही दूर जातो. अशा दिवशी सौदा टाळणे श्रेयस्कर. उलाढाल न वाढता भाव पट्ट्याबाहेर डोकावला, तर तो बहुधा परत आत येतो.

तंत्र दुसरे : भारित सरासरी भाव

दिवसभरात झालेल्या सौद्यांची एकूण रक्कम भागिले एकूण समभाग, असे केल्यास त्या दिवसाचा भारित सरासरी भाव मिळतो. आलेखावर तो 'व्हीवॅप' या नावाने दिसतो. भाव या रेषेच्या वर टिकून असेल, तर त्या दिवशी खरेदी करणारे सरासरीने फायद्यात आहेत, असा त्याचा साधा अर्थ. वर चढलेला भाव पुन्हा या रेषेपर्यंत उतरतो, तेथे थबकतो आणि परत वर वळतो, तेव्हा खरेदी करायची. स्टॉप लॉस रेषेच्या किंचित खाली ठेवायचा. धावत्या भावामागे पळण्याची नवख्याची सवय या तंत्राने मोडते. मात्र भाव रेषेच्या वर-खाली सतत हेलकावत असेल, तर त्या दिवशी बाजाराला दिशा नाही असे समजून हे तंत्र बाजूला ठेवावे.

तंत्र तिसरे : आधार आणि अडथळा

आदल्या दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी म्हणजे पिव्हट. उदाहरणार्थ, उच्चांक ५१२, नीचांक ४९४ आणि बंद भाव ५०६ असेल, तर पिव्हट ५०४ येतो. पिव्हटच्या दुपटीतून नीचांक वजा केला की पहिला अडथळा ५१४ मिळतो आणि उच्चांक वजा केला की पहिला आधार ४९६ मिळतो. हे आकडे असंख्य व्यवहार करणाऱ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी असल्याने त्यांच्या आसपास ऑर्डरी गोळा होतात. आधाराजवळ खरेदी आणि अडथळ्याजवळ विक्री, हा त्याचा सोपा वापर. आधार स्पष्टपणे तुटल्यावर मात्र तेथेच अडून राहू नये.

किती समभाग घ्यावेत?

तंत्र कोणतेही असो, भांडवल टिकते की बुडते हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक धोका पत्करू नये, हा प्रचलित नियम आहे. भांडवल एक लाख रुपये असेल, तर एका सौद्यातील कमाल तोटा एक हजार रुपये. खरेदी ५०० ला आणि स्टॉप लॉस ४९५ ला असेल, तर प्रत्येक समभागामागे धोका पाच रुपयांचा, म्हणजे दोनशे समभाग घेता येतील. नफ्याचे लक्ष्य धोक्याच्या किमान दुप्पट, म्हणजे ५१० रुपये असावे.

दलाली पेढ्या मार्जिनवर व्यवहार करू देतात. सप्टेंबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झालेल्या नियमांनुसार सौद्याच्या किमतीच्या किमान २० टक्के मार्जिन आधी भरावे लागते. म्हणजेच एक लाखावर जास्तीत जास्त पाच लाखांचा सौदा होऊ शकतो. अशा वेळी भाव दोन टक्के उलटा गेला, तर भांडवलाचा दहावा भाग जातो. ४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के घसरला होता. पाचपट उधारीवर खरेदी करून बसलेल्याचे त्या एका घसरणीत तीस टक्के भांडवल गेले असते. नवख्याने सुरुवातीस उधारी घेऊच नये.

खर्चाचा हिशेब

वरील सौदा ५०० ला घेऊन ५१० ला विकला, तर दोन हजार रुपये नफा दिसतो. दर ऑर्डरला वीस रुपये दलाली धरली, तर चाळीस रुपये होतात. विक्रीवर ०.०२५ टक्के रोखे व्यवहार कर म्हणजे सुमारे पंचवीस रुपये लागतात. खरेदीवर ०.००३ टक्के मुद्रांक शुल्क, बाजाराचे शुल्क आणि दलाली व शुल्कावरील १८ टक्के जीएसटी मिळवल्यास एकूण खर्च सुमारे ८३ रुपये होतो. रक्कम किरकोळ भासते. परंतु रोज असे पाच सौदे आणि महिन्यात वीस दिवस धरले, तर ८,३०० रुपये, म्हणजे एक लाख भांडवलाचे आठ टक्क्यांहून अधिक, केवळ खर्चात जातात.

शंभर सौद्यांपैकी चाळीसांत दोन हजारांचा नफा आणि साठांत एक हजाराचा तोटा झाला, तर वीस हजार उरतात. खर्च वजा जाता हाती ११,७०० रुपये येतात. यशस्वी सौदे चाळीसऐवजी छत्तीस झाले, की आठ हजारच उरतात आणि खर्च त्याहून अधिक असतो. नफा आणि तोटा यांच्यातील अंतर शंभरात चार सौद्यांचे आहे. सेबीच्या त्याच अभ्यासानुसार तोट्यातील व्यक्तींनी आपल्या तोट्याच्या ५७ टक्के इतकी आणखी रक्कम व्यवहार खर्चापोटी मोजली होती.

प्राप्तिकराच्या दृष्टीने इंट्राडे नफा हे सट्टा व्यवसायाचे उत्पन्न ठरते आणि नेहमीच्या दराने करपात्र होते. सट्ट्यातील तोटा पगारातून वा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. तो केवळ सट्ट्याच्याच नफ्यातून आणि पुढील चार वर्षांपर्यंत वजा होतो.

टाळावयाच्या चुका

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे तोट्यातील सौदा 'डिलिव्हरी'त ढकलणे. सकाळी एका दिवसासाठी घेतलेला समभाग सायंकाळी 'गुंतवणूक' म्हणून ठेवला जातो आणि मर्यादित राहणारा तोटा अमर्याद होतो. दुसरी चूक म्हणजे स्टॉप लॉस जवळ येताच तो आणखी खाली सरकवणे. तिसरी, पडत्या भावात आणखी खरेदी करून सरासरी खाली आणणे. आधी विकण्याच्या सौद्यात वेगळाच धोका असतो. समभाग वरच्या सर्किटला अडकला, तर परत खरेदी करता येत नाही आणि बाजाराच्या लिलावातील चढा भाव व दंड भरावा लागतो.

मोबाइलवरील गटांतून 'खात्रीच्या टिप्स' देणाऱ्यांपासून सावध राहावे. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे किंवा नाही, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. बाजाराबाहेर परस्पर चालणारे 'डब्बा' व्यवहार बेकायदा आहेत. तेथे पैसे बुडाल्यास बाजाराच्या तक्रार निवारण यंत्रणेचे संरक्षण मिळत नाही.

सुरुवात कशी करावी?

पहिला महिना कागदावरच सौदे करावेत. प्रवेशाचा भाव, स्टॉप लॉस, लक्ष्य, सौद्याचे कारण आणि खर्च वजा जाता निकाल वहीत लिहावा. त्यानंतर एकाच तंत्राने, दोन-पाच समभागांचे खरे सौदे करावेत. एका दिवसात दोन सौदे तोट्यात गेले की त्या दिवसापुरते काम थांबवावे. बाजार बंद होण्याच्या सुमारास दलाली पेढी उरलेले सौदे आपणहून मिटवते आणि त्याचे वेगळे शुल्कही बहुधा आकारते. म्हणून स्वतःचे सौदे दुपारी तीनपर्यंत पूर्ण करावेत.

घरखर्च, मुलांचे शिक्षण वा कर्जाच्या हप्त्यासाठी लागणारा पैसा या व्यवहारात आणू नये, तसेच नोकरी सोडून त्याच्या मागे लागू नये. सहा महिन्यांनी वहीची बेरीज खर्चासह करावी. ती उणे आली, तर तंत्र बदलण्याआधी हे काम आपल्यासाठी आहे का, याचा विचार करावा. थांबण्याचा निर्णय त्या वेळी घेतला, तर उरलेले भांडवल म्युच्युअल फंडात वा मुदत ठेवीत लावण्याचा मार्ग मोकळा असतो.