चिठ्ठीवरचे गाव

जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्याला प्रक्षिप्त ओवीचा धाक असतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यामागे हाच धाक होता. पक्षिशास्त्रातही प्रक्षिप्त नोंदी शिरतात, आणि तिथे नुकसान केवळ पाठाचे होत नाही, हे आम्हांला रानपिंगळ्याच्या इतिहासाने शिकवले.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांना आजच्या छत्तीसगडातील बसना परिसरात हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले ह्यूम ते हेच. नंतर खानदेशात चाकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदे भागातून आणखी काही नमुने जमवले. हा क्रम १८८४ पर्यंत चालला, आणि मग पक्षी जणू नाहीसा झाला. उरले ते संग्रहालयांच्या खणांतील मोजके पेंढा भरलेले देह, आणि प्रत्येकाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी : गाव, तारीख, संग्राहकाचे नाव. तेवढीच काय ती त्याची संहिता.

यांतली एक चिठ्ठी मात्र वेगळेच सांगत होती : स्थळ गुजरातेतील तापीकाठचे मांडवी, साल १९१४, संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून साहजिकच तिला वजन आले आणि शोध घेणारे त्या बाजूला जाऊन रिकाम्या हाताने परतले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची चिकित्सा केली तेव्हा उलगडा झाला. क्ष-किरणांखाली पाहता त्या देहाच्या मूळच्या भरणीवर डेव्हिडसन यांच्या हाताची खूण निघाली. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर आपली चिठ्ठी लावली होती! हे सारे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चिकित्सा आणि कोणाही निष्णात पाठचिकित्सकाचे काम यांत आम्हांला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही.

खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, निष्पर्ण झाडाच्या फांदीवर रानपिंगळा दिवसाढवळ्या बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट असा सातपुड्याचा पट्टा हळूहळू नोंदींत येत गेला.

आज अशा शोधाची सुरुवात पडद्यावर होते. पक्षी जिथे जिथे दिसला त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. त्यांखाली उंची, पाऊस, तापमान, उपग्रहाने टिपलेले वनाच्छादन असे थर एकावर एक पसरायचे. आणि ज्ञात ठिकाणांशी जुळणारी परिस्थिती आणखी कुठे आहे, हे संगणकाला विचारायचे. २००६ नंतर ‘मॅक्सेंट’ ही पद्धत यासाठी फार रूढ झाली, कारण ती केवळ ‘इथे आहे’ एवढ्या नोंदींवर काम करते. ‘इथे नाही’ हे खात्रीने सांगणारे पुरावे क्वचितच हाती असतात. शोधपथकाचे किती श्रम वाचतात, ते सांगायला नको. पण मुळातल्या बिंदूंवर या रचनेचा आंधळा विश्वास असतो. नोंदी मोजक्या असतील तर मांडवीसारखा एकच खोटा बिंदू साऱ्या नकाशाचा रंग बदलू शकतो. शिवाय नोंद तिथेच होते जिथे नोंद करणारा पोचतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुक्कामांच्या वाटा त्यांच्या पक्ष्यांच्या यादीतही उमटल्या असणार, असे आम्हांला वाटते. आणि रानपिंगळ्याचे घरटे असते जुन्या झाडाच्या ढोलीत; वरून पाहणाऱ्या उपग्रहाला जंगलाचे छत दिसते, ढोली दिसत नाही.

बराच काळ हा पक्षी मध्य भारतातील शुष्क सागवनांचा मानला जाई. २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात, अधिक पावसाच्या जंगलात आढळला. केवळ सातपुड्याचे बिंदू हाती घेऊन बसलेल्याने तानशाकडे पाहिले असते का, याची आम्हांला शंका आहे. पाठोपाठ तो गुजरातेत, डांगातील पूर्णा अभयारण्यातही सापडला. म्हणजे ज्या राज्याचे नाव कर्नलसाहेबांनी खोटेपणाने चिठ्ठीवर घातले, तिथे पक्षी खरोखरच होता. पण त्यामुळे मांडवीची नोंद खरी होत नाही. तो देह खानदेशातलाच आहे.