‘माणूस’ म्हणताना बाई कुठे असते?

मानखुर्दहून तुमची बचत गट समन्वयक बोलतेय. १० डिसेंबरला मानवी हक्क दिन असतो. त्यामागे आपल्या मुंबईत राहिलेल्या एका बाईचा वाटा आहे, तो आज ऐकूया.

१९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं. त्यातला संहार पाहून प्रत्येक माणसाचे हक्क लिहून ठेवायचं ठरलं. संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला. अध्यक्षा होत्या अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. अटलांटिक महासागराच्या एका काठाची अमेरिका आणि दुसऱ्या काठाचे ब्रिटन, फ्रान्स या कामात एकत्र आले.

पण त्यांच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? ब्रिटन-फ्रान्सनी आफ्रिकेतले मुलूख गुलामीत ठेवले होते. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच करायचा विचार होता. १९४७ मध्ये खुद्द ड्यू बॉइस यांच्या पुढाकाराने आणखी एक अर्ज गेला. आयोगाने त्यावर काही केलं नाही.

याच आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता. केईएम हॉस्पिटलचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता यांच्या त्या पत्नी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या, आपल्या संविधान सभेच्याही सदस्य. मसुद्यात इंग्रजीत ‘ऑल मेन’ असं लिहिलं होतं. ‘मेन’मध्ये बायका येतातच, असं रूझवेल्टबाईंनाही वाटत होतं. हंसाबेन म्हणाल्या, काही देश याचा अर्थ फक्त पुरुष असाच घेतील. शेवटी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे ‘सर्व माणसं’, असं झालं. हक्क नुसते कागदावर नकोत, ते अंमलात आणायची सोय हवी, हाही त्यांचा आग्रह होता.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला. बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ.

मोठे देश एकत्र आले म्हणून शब्दाला वजन येत नाही. स्वतःच्या घरात तो पाळला की येतं. आपल्या गटाच्या नियमातही ‘सर्व सभासद समान’ असं लिहिलेलं असतं. पुढच्या बैठकीत नियमाची वही उघडा आणि बघा, कर्ज आधी कोणाला मिळतं, मागच्या रांगेतल्या ताईला बोलायला मिळतं का. हंसाबेननी एक शब्द नीट वाचला, आपणही आपली वही नीट वाचूया.