वर्गणीतून उभं राहिलेलं जगज्जेतेपद

राजाश्रय आणि लोकाश्रय हे शब्द आपण संगीत-नाटकाच्या इतिहासात सहज वापरतो. आज ते बुद्धिबळाला लावून पाहू.

पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा लंडनमध्ये १८५१ साली भरली. पैसा आला कुठून? वर्गणीतून. हॉवर्ड स्टाँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिबळप्रेमींकडून सुमारे ५०० पौंड जमवले. ब्रेस्लाऊचे अँडरसन हे गणिताचे शिक्षक. प्रवासखर्च परवडेना, म्हणून यायला कचरत होते. स्टाँटननी कळवलं, बक्षीस मिळालं नाही तर तुमचा प्रवासखर्च मी पदरचा देईन. अँडरसन आले, उपांत्य फेरीत खुद्द स्टाँटनना हरवलं आणि १८३ पौंडांचं पहिलं बक्षीस घेऊन गेले!

आता ७० वर्षं पुढे येऊ. जगज्जेते इमॅन्युएल लास्कर गणितातले डॉक्टरेट, तत्त्वज्ञानावरही लिहिणारे. म्हणजे आमच्या बिरादरीतले. खेळाडूला त्याच्या कष्टाचा योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. महायुद्धात त्यांची पुंजी बुडाली होती. १९२० साली त्यांनी न खेळताच किताब कापाब्लांकांच्या हवाली केला. पण क्यूबातल्या चाहत्यांनी २० हजार डॉलर उभे केले. अट एकच, सामना हवानात व्हायचा. लास्कर तयार झाले. १९२१च्या त्या सामन्यात कापाब्लांकांनी ४ डाव जिंकले, १० बरोबरीत सुटले. ठरल्याप्रमाणे हरलेल्या लास्करना ११ हजार मिळाले, जिंकलेल्या कापाब्लांकांना ९ हजार.

इथपर्यंत लोकाश्रयाची गोष्ट गोड आहे. पण पुढे काय झालं? १९२२च्या लंडन नियमांनी ठरवलं, की जगज्जेत्याला आव्हान द्यायचं तर किमान १० हजार डॉलरची थैली उभी करा. अकिबा रुबिनस्टाइन हे १९१२ साली एकामागून एक मोठ्या स्पर्धा जिंकलेले खेळाडू. त्यांना ती रक्कम जमली नाही. निम्झोविचनाही नाही. अलेखिन यांच्यामागे अर्जेंटिनातली मंडळी उभी राहिली, म्हणून १९२७ साली ब्युनोस आयर्सला सामना झाला आणि अलेखिन जगज्जेते झाले. अलेखिनची योग्यता वादातीत होती. पण रुबिनस्टाइन पटावर कमी पडले असते की नाही, हे कळायची वेळच आली नाही.

म्हणजे बघा, चाहत्यांच्या वर्गणीने लास्करना सन्मानाने खेळता आलं, आणि ज्याच्यामागे वर्गणी देणारे नव्हते त्याच्यासाठी दार बंद राहिलं. १९४८पासून जागतिक संघटनेने जगज्जेतेपद आपल्या हाती घेतलं आणि आव्हानवीर पात्रता स्पर्धांतून ठरू लागला. थैली मागे पडली.

मग वर्गणी वाईट का? आम्हाला तसं वाटत नाही. स्टाँटनच्या शब्दाशिवाय अँडरसन घरीच राहिले असते. बक्षीस लोकांनी जरूर द्यावं. पण पटासमोर कोणी बसायचं, हे वर्गणीच्या वहीने ठरवू नये. आपल्या गल्लीतल्या स्पर्धेलाही हेच लागू आहे.

आता प्रश्न विचारा.