उशाशी बसणाऱ्यांची शुश्रूषा

एखाद्या घरात दुर्धर दुखणे शिरले म्हणजे त्या घरात एकाऐवजी दोन रोगी होतात. एक अंथरुणावर असतो आणि दुसरा त्याच्या उशाशी बसलेला असतो. पहिल्याची नाडी पाहावयास डॉक्टर येतो, नातेवाईक शहाळी-मोसंबी घेऊन येतात. दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही, आणि तोही आपल्याकडे कोणी पाहावे अशी अपेक्षा करीत नाही. पुढे एके दिवशी अंथरूण रिकामे होते. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. चूल पेटलेली नसते म्हणून शेजारी पिठलेभात आणून देतात. मग पाहुणे आपापल्या गावी जातात. चौदाव्या रात्री ती घरधनीण दोन वाजता औषधाची वेळ झाली म्हणून दचकून उठते, दिवा लावते, आणि मग तिला आठवते.

या चौदाव्या दिवसाचा विचार कोणी, केव्हा व कसा सुरू केला, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे. विषय वसंत ऋतूला शोभणारा नाही, हे मी जाणतो. परंतु या सभागृहात असे एखादे घर ज्याने पाहिले नाही असा श्रोता सापडणे कठीण.

शोक ही मनाची स्वाभाविक अवस्था आहे, तिचा वैद्यकाशी काय संबंध, असाच समज पुष्कळ काळ होता. तो ढळण्यास एक भयंकर दुर्घटना कारण झाली. 28 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेत बॉस्टन शहरी ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या रात्रीच्या क्लबास आग लागून 492 माणसे दगावली. एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने वाचलेल्यांची व मृतांच्या आप्तांची विचारपूस केली आणि 1944 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. घसा आवळल्यासारखा होणे, श्वास अपुरा पडणे, पोटात पोकळी वाटणे, अंगातले त्राण जाणे, अशी शोकाची शरीरावर उमटणारी लक्षणे त्याने नोंदविली.

पण या विचाराला संस्थेचे रूप आले ते इंग्लंडात. व्हिक्टोरिया राणीच्या काळी तेथील दुखवट्याचे नियम आपल्यापेक्षा काही सैल नव्हते. विधवेने काळी वस्त्रे किती दिवस घालावीत, समारंभास केव्हापासून जावे, सारे ठरलेले असे. पहिल्या महायुद्धाने घरोघरी मृत्यू नेला आणि त्यानंतरच्या काळात हे रिवाज झपाट्याने विरले. जेफ्री गोरर या समाजशास्त्रज्ञाचा भाऊ 1961 साली कर्करोगाने वारला. कोणी निमंत्रण दिले की, ‘मी दुखवट्यात आहे’ असे गोरर सांगे, आणि ऐकणारा असा ओशाळे की जणू याने चारचौघांत काही अश्लील उच्चारले. रूढी गेली, तिची जागा घेण्यास काहीच आले नाही, हा गोररच्या 1965 सालच्या ग्रंथाचा निष्कर्ष होता.

त्याच्या आधी, 1958 साली, पीटर मॅरिस याने पूर्व लंडनमधील 72 विधवांच्या मुलाखतींवर पुस्तक लिहिले होते. पुढल्याच वर्षी मार्गारेट टॉरी या बाईंनी विधवांसाठी ‘क्रूस’ नावाची संस्था काढली. क्रूस म्हणजे तेलाचा बुधला. बायबलात एका गरीब विधवेची कथा आहे. दुष्काळात तिच्या बुधल्यातले तेल सरत नाही. आपल्याकडे द्रौपदीची थाळी, तसेच हे.

येथे आपल्याला अण्णासाहेब कर्व्यांचे स्मरण होणे साहजिक आहे. त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापला तो 1896 साली, म्हणजे क्रूसच्या त्रेसष्ट वर्षे आधी. आपल्याकडे विधवेचा प्रश्न प्रथम तिच्या शिक्षणाचा, पोटापाण्याचा व मानाचा होता, आणि तो तसाच हाती घेतला गेला हे योग्यच झाले. जिचे केशवपन करून तिला माजघराच्या अंधारात बसविले जात होते, तिला ‘तुला रात्री झोप लागते का?’ असे विचारण्यात काय अर्थ होता! परंतु झोपेचा प्रश्न उरला तो उरलाच.

तो प्रश्न रुग्णालयाच्या दारात नेऊन ठेवला सिसिली साँडर्स यांनी. ही बाई आधी परिचारिका होती. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले तेव्हा ती रुग्णालयात रोग्यांच्या सांसारिक अडचणी पाहणारी समाजसेविका झाली. तेथे डेव्हिड तास्मा नावाचा वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू कर्करोगाने मरणपंथास लागलेला होता. लंडनात त्याचे जवळचे कोणी नव्हते. मरणाऱ्यांसाठी वेगळे घर असावे, असे बोलणे दोघांत होई. 1948 साली तो गेला आणि त्या न बांधलेल्या घराच्या एका खिडकीसाठी म्हणून 500 पौंड ठेवून गेला. साँडर्सबाईंनी मग वैद्यकाचा अभ्यास केला, 1957 साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढे सात वर्षे सेंट जोसेफ्स या आश्रमात मरणाऱ्यांच्या वेदनांचा अभ्यास करीत राहिल्या. तेथे 1960 साली आणखी एक पोलिश रुग्ण वारला. त्याच्यावर त्यांचे प्रेम जडले होते. पण त्या पडल्या त्याच्या डॉक्टर. उघडपणे शोक करण्याचे कोणतेही नाते त्यांच्यापाशी नव्हते. पुढे आप्तांच्या दुःखाकडे त्यांनी जे लक्ष दिले, त्यात या अनुभवाचा वाटा असावा असे मला वाटते.

तास्माची खिडकी बसवून घर उभे राहावयास एकोणीस वर्षे लागली. 1967 साली लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. मॉर्फिनच्या मात्रा दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठराविक वेळाने देणे, ही तेथील पद्धत जगभर गाजली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक मोलाची वाटते ती तेथील एक साधी रीत. नातलगांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोग्याजवळ बसण्याची मुभा असे. फक्त सोमवारी भेट बंद! ही बंदी रुग्णालयाच्या सोयीसाठी नव्हती. सोमवार हा घरच्यांचा सुट्टीचा दिवस ठरविला होता. रोज येणाऱ्या बायकोला ‘आज विश्रांती घ्या’ असे सांगून ती ऐकत नाही. तिला अपराधी वाटते. नियमच केला म्हणजे तिला निमित्त मिळते. त्या दिवशी तिने न्हावे, झोपावे, किंवा नुसते खिडकीशी बसावे. शुश्रूषा करणाऱ्याचे मन ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच असा नियम सुचतो.

हॉस्पिस उघडण्यापूर्वीच, 1966 साली, कॉलिन मरी पार्क्स हे मनोविकारतज्ज्ञ या कामाशी जोडले गेले. त्यांनी लंडनमधील 22 विधवांना वैधव्यानंतर तेरा महिनेपर्यंत पुनःपुन्हा भेटून त्यांची स्थिती नोंदविली. मासिक श्राद्धे, वर्षश्राद्ध, पहिल्या सणाला दुखवटा घेऊन येणारे सोयरे, हे आपले जुने वेळापत्रक आठवा. शोक महिन्यांनी मोजावा लागतो, हे दोन्हीकडे उमगलेले दिसते. 1969 साली पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न व त्यावरील वयाच्या 4486 विधुरांचा हिशेब मांडला. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी 213 वारले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण 40 टक्क्यांनी अधिक होते, आणि त्यांत हृदयविकाराचे मृत्यू बरेच होते. ‘ऊर फुटून मेला’ असे आपण म्हणतो ते निव्वळ अलंकारिक नव्हे.

मग पार्क्स यांनी हॉस्पिसमध्ये शोकग्रस्तांसाठी सेवा उभारली. रोगी वारल्यावर त्याच्या जवळच्या माणसाविषयी परिचारिका एक प्रश्नावली भरीत. जो एकाकी आहे, ज्याचा राग किंवा अपराधभाव अनावर आहे, अशांना निवडून त्यांच्या घरी स्वयंसेवक पाठविले जात. हे स्वयंसेवक साधे नागरिक होते. त्यांना शिकवून तयार केलेले असे. उपदेश करणे हे त्यांचे काम नव्हे. त्यांनी बसावे आणि ऐकावे. या सेवेचा खरोखर उपयोग होतो का, हेही पार्क्स यांनी तपासले. ज्यांना धोका अधिक अशांपैकी काहींना सेवा दिली, काहींना दिली नाही, आणि 1981 साली फळ जाहीर केले: सेवा मिळालेल्यांत चिंतेची लक्षणे कमी होती, दारू, तंबाखू व औषधे यांचा आश्रयही कमी होता. बहुतेक माणसे आप्तेष्टांच्या आधाराने आपोआप सावरतात, प्रत्येकाच्या मागे सल्लागार लावण्याचे कारण नाही, हेही पुढील संशोधनाने दाखविले आहे. मदत नेमक्या घरी पोहोचणे हीच खरी अडचण आहे.

ती अडचण आपल्या देशात केरळाने सर्वांत चांगली सोडविली. 1993 साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांचे सहकारी यांनी उपशामक सेवेचा एक छोटा बाह्यरुग्ण विभाग चालू केला. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की रुग्णालयात पोहोचू शकणारे थोडे, घरी पडून असलेले फार. तेव्हा मलप्पुरम व आसपासच्या भागांत गावकऱ्यांनाच शिकवून तयार करण्यात आले. हे लोक परिचारिकेबरोबर घरोघर जातात. दुकानांत ठेवलेल्या पेट्यांतून वर्गणी जमते. तीतून औषधांची सोय होतेच, शिवाय कमावता माणूस अंथरुणाला खिळला असेल त्या घरी तांदूळ पोहोचतो, मुलांच्या शाळेचा खर्च भागतो. लंडनच्या स्वयंसेवकाने ऐकावे, कारण त्या घरी चूल पेटलेली होती. मलप्पुरमच्या स्वयंसेवकाला आधी तांदूळ न्यावा लागला. 2008 साली केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि हे काम ग्रामपंचायतींपर्यंत नेले.

महाराष्ट्रातही आरंभ झालेला आहे. भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईचेच: वांद्र्याचे ‘शांती आवेदना सदन’, 1986 साली डॉ. डिसोझा यांनी स्थापलेले. 1997 साली पुण्याजवळ वारज्यास उपशामक सेवेचे केंद्र उघडले. तेथे रोग्याबरोबर घरचे एक माणूस राहते आणि जखम कशी बांधावी, कूस कशी बदलावी, हे शिकून घरी जाते. रोगी गेल्यावर महिन्याने, तीन महिन्यांनी त्या घराची कडी वाजविणारा माणूस मात्र आपल्याकडे अजून गावोगावी नेमलेला नाही. चाळीत आणि वाड्यात तो नेमावा लागत नसे, समोरच्या काकू येतच. त्याच काकू चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलवीत नसत, हेही येथेच नोंदविले पाहिजे. आता वाडे पाडून तेथे सदनिका झाल्या आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर दोन वाजता दिवा लागला, तर तो कोणी पाहिलेला नसतो.