दिनविशेष, ९ मे : उपासनेतला अभंग

९ मे १९१९ रोजी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे मुंबईत निधन झाले. अमेरिकी धर्मप्रचारक मूडींच्या सभांत त्यांचे साथी गायक सँकींनी गायलेली गीते १८७०च्या दशकात पुस्तकरूपाने अमेरिका-इंग्लंडात पसरली आणि पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरे मराठी चर्चमध्येही आली. टिळकांनी मात्र ख्रिस्ती उपासनेच्या गीतांसाठी अभंग निवडला. ही धर्मप्रचाराची युक्तीच होती, हा आक्षेप पटत नाही. तुकोबांचे ऋण त्यांनी उघडपणे मानले होते आणि नुसत्या युक्तीची पदे शतकभर गायली जात नाहीत. अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने काम केलेल्या बुलढाणा जिल्ह्यात तर भजनाची सवय घरोघरी आहे. इथे टाळावर बसणारे पद पुस्तक न वाचता येणाऱ्यालाही म्हणता येते. टिळकांचे हे काम त्यांच्या निसर्गकवितेहूनही मोठे आहे.